पुट्टीखालचा पत्रा

(द्वितीय वर्ष कला)

मी जळकी आहे, असे आमच्या वर्गातल्या एका मित्राचे मत आहे. ते त्याने कँटीनमध्ये, चारचौघांच्या देखत, मिसळीला आणखी थोडा रस्सा मागता मागता जाहीर केले. निमित्त झाले ते टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाचे. एक जुनी, गंजलेली, कोंबड्यांनी बिऱ्हाड केलेली मोटार आरंभी दिसते. मग संगीत वाजते, ठिणग्या उडतात, रंगाचा फवारा सुटतो आणि पाऊण तासाच्या आत तीच मोटार आरशासारखी लखलखीत होऊन मालकापुढे उभी राहते. मालक रडतो. आमचा मित्रही ते वर्णन करताना रडण्याच्या बेतात होता. मी एवढेच म्हणाले, “रंग चांगला आहे, पण खालचा पत्रा दाखवलाच नाही.” त्यावर तो म्हणाला, “तुझ्या वडिलांचं गॅरेज आहे ना, म्हणून तू जळतेस!”

वाचकहो, आधी एक दुरुस्ती. माझ्या वडिलांचे गॅरेज नाही. शंभरफुटी रस्त्यालगतच्या एका शेडचा अर्धा भाग त्यांनी भाड्याने घेतला आहे. उरलेल्या अर्ध्यात सीट-कव्हरवाले बसतात. आमचे आण्णा डेंटर आहेत. म्हणजे ठोकर लागलेल्या, सडलेल्या, पोचे पडलेल्या पत्र्याला ठोकून, कापून, जोडून पुन्हा पहिल्यासारखा आकार देणे हा त्यांचा धंदा. ते सातवीपर्यंत शिकले. आई शाळेत गेलीच नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे गॅरेजमधला हिशेब, अंदाजपत्रक, बिल आणि विम्याचे कागद हे खाते माझ्याकडे. वेल्डिंग चालू असताना बॅटरी धरून उभे राहण्याचे कामही लहानपणापासून माझेच. तेव्हा त्या मित्राला मी त्या वेळी उत्तर दिले नाही, याचे कारण उत्तर नव्हते असे नाही. ते कँटीनमध्ये मावणारे नव्हते.

आणि त्या उत्तरात माझ्याच घरची एक गोष्ट येते, जी सांगायला मी कचरत होते. ती पुढे येईलच.

प्रथम हे कबूल करते की असले कार्यक्रम मी आवडीने पाहिले आहेत, आजही मोबाइलवर पाहते. ‘व्हीलर डीलर्स’ हा इंग्लंडमधला कार्यक्रम २००३ साली सुरू झाला. त्यात माइक ब्रूअर नावाचे गृहस्थ जुनी गाडी घासाघीस करून विकत घेतात आणि एड चायना नावाचा ताडमाड उंच कारागीर ती दुरुस्त करतो. ‘ओव्हरहॉलिन’ हा २००४ सालचा अमेरिकन कार्यक्रम; त्यात मालकाला काहीतरी थाप मारून त्याची गाडी पळवायची आणि आठवडाभरात तिचा कायापालट करून त्याला चकित करायचे. ‘पिंप माय राइड’ हा एमटीव्हीवर २००४ ते २००७ या काळात चालला. नॅशनल जिऑग्राफिकचा ‘कार एसओएस’ २०१३ पासूनचा. आजारपणामुळे किंवा संकटामुळे ज्याची गाडी अर्धवट पडून राहिली, त्या माणसाची गाडी त्याच्या नकळत नीट करून द्यायची, अशी त्याची कल्पना. हा शेवटचा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्यात गंज दाखवतात. अगदी बोट आरपार जाईल असा गंज दाखवतात. माझी तक्रार गंज दाखवण्याबद्दल नाहीच. गंज दिसतो आणि रंग दिसतो, मधले काही दिसत नाही, ही माझी तक्रार आहे.

हे ‘मधले’ म्हणजे काय?

आण्णांच्या खिशात एक लोहचुंबक असतो. जुन्या स्पीकरमधून काढलेला, रुमालात गुंडाळलेला. कोणी जुनी गाडी दाखवायला आणली की आण्णा आधी रंगाकडे बघत नाहीत. तो चुंबक दाराच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीला, उंबऱ्याच्या पट्टीला लावून बघतात. जिथे तो टचकन चिकटतो तिथे पत्रा आहे. जिथे तो घसरून खाली पडतो तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पुट्टी म्हणजे भुकटी आणि रेझिन यांचा लगदा. त्यात हार्डनर घातला की पंधरा-वीस मिनिटांत दगडासारखा घट्ट होतो. चांगल्या कामातही पुट्टी लागते, नाही असे नाही. पण ती ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर, कागदाच्या जाडीने, उरलासुरला खळगा भरण्यापुरती. भोकावर जाळी ठेवून तीवर बोटभर पुट्टी थापली, घासली आणि रंग मारला, तर दोन हातांवरून पाहणाऱ्याला काही फरक कळत नाही. कॅमेऱ्याला तर नाहीच नाही. कॅमेऱ्याच्या खिशात चुंबक नसतो!

आणि गंजाचा स्वभाव विलक्षण चिवट आहे. लोखंड गंजले की तो गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून तो आतून फुगतो, रंगाला वर उचलतो. पुट्टी स्वतः सच्छिद्र. ती पाणी पिते. पाणी लावून पॉलिश पेपरने घासली आणि पुरती वाळू न देता वर प्रायमर मारला, तर तो ओलावा आतच कोंडला जातो. सहा महिन्यांनी बाजरीएवढे फोड येतात, वर्षाने वाटाण्याएवढे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला आणि आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा मी शाळेत होते. पाणी ओसरल्यावर गॅरेजांपुढे ज्या गाड्यांच्या रांगा लागल्या, त्यांनी मला हे शिकवले. बाहेरून धुतलेल्या गाड्या महिनाभरात पुन्हा देखण्या दिसत. पण दाराच्या आत, खांबांच्या पोकळीत, गालिच्याखाली गाळ बसलेला. आण्णा दाराची आतली फळी काढून पितळी ब्रशने खरवडत आणि मला म्हणत, “बघून ठेव गं. गाडी भायेरनं सडत न्हाई. आतनं सडती.”

आता ज्या गाड्यांच्या पुनरुद्धाराचे हल्ली एवढे कौतुक आहे, त्यांतली आपली सर्वांत ओळखीची घ्या. प्रीमियर पद्मिनी. तिचे मूळ इटलीच्या फियाट ११०० मध्ये; वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. ज्यांच्या नावाचे इंजिनिअरिंग कॉलेज आमच्या विश्रामबागेत आहे तेच हे वालचंद. १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. या गाडीला वेगळी चेसिस नाही. जीपला खाली चेसिस असते, वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. पद्मिनीचा सांगाडा म्हणजे तिचा पत्राच. दोन्ही बाजूंचे उंबरे आणि तळाचा पत्रा हीच तिची हाडे. उंबरा पोकळ असतो, त्यात पाणी साचते, आणि तो आतून सडत बाहेर येतो. तो बदलायचा म्हणजे गाडीला खालून टेकू द्यायचे, दारांच्या फटी मोजून ठेवायच्या, जुना उंबरा कापायचा, नवा हाताने वाकवून घडवायचा (तयार मिळणे मुश्कील, मिळालाच तर मुंबईच्या चोरबाजारात नाहीतर कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे), आणि एका वेळी दोन इंचांहून जास्त वेल्डिंग करायचे नाही, कारण उष्णतेने पत्रा ओढला जातो. एक बाजू ओढली गेली की दार लागत नाही. दार लागेना म्हणून बिजागरी ठोकली की काच अडकते. असे ते एकातून एक निघत जाते. हे काम दाखवायला गेले तर प्रेक्षक झोपी जाईल हे मला मान्य आहे. मी स्वतः बॅटरी धरून उभ्या उभ्या झोपले आहे.

परंतु जे कंटाळवाणे तेच जर कामाचे मर्म असेल, तर ते कापून टाकल्यावर उरते काय?

ही शंका माझ्या एकटीची नव्हे. खुद्द एड चायनाने २०१७ च्या मार्चमध्ये ‘व्हीलर डीलर्स’ सोडला. तेरा पर्वे केल्यानंतर सोडला. आणि का सोडला ते त्याने स्वतःच चित्रफीत काढून सांगितले. कार्यशाळेतले बारकाईचे चित्रण करणे फार कठीण जाते, ते कमी करावे, असे अमेरिकन वाहिनीचे म्हणणे होते. तसे केले तर कामाचा दर्जा आणि आपले नाव दोन्ही पणाला लागेल, असे त्याचे म्हणणे होते. मला तो माणूस तेव्हापासून घरचा वाटतो. आण्णांना इंग्रजी येत नाही, पण त्याचे जुने भाग ते आवाज बंद करून बघतात. “ह्या गड्याचं हात खरं हायत,” असे त्यांचे प्रमाणपत्र. नारिंगी हातमोजे घालतो म्हणून पहिल्यांदा हसले होते, हेही सांगायला हवे.

‘पिंप माय राइड’ची कथा याहून वाईट. ज्यांच्या गाड्या त्यात सजवल्या गेल्या, त्यांच्यापैकी काहींनी पुढे २०१५ च्या सुमारास जाहीरपणे सांगितले, की चित्रीकरण संपल्यावर काही वस्तू काढून घेतल्या गेल्या आणि गाडीच्या यंत्राकडे फारसे कोणी पाहिलेच नव्हते. आत टीव्ही, मागे माशांची टाकी, आणि गाडी चालू होईना! आपल्याकडे लग्नात भाड्याचा शेरवानी घातलेला नवरदेव असतो, तसलाच हा प्रकार.

‘ओव्हरहॉलिन’बद्दल मी जपून बोलते. चिप फूस हा मोठा रेखाटनकार आहे, त्याच्या हाताखाली मोठी फौज, रात्रंदिवस काम, रंग भाजायला बंद खोली. आमच्याकडे रंग भाजायला मार्च महिन्याचे ऊन! तेव्हा त्यांना जे जमते ते आम्हाला जमणार नाही, हे खरे. पण आठवडा तो आठवडाच. पुट्टी, प्रायमर आणि रंग यांच्या थरांतून उडणारे द्रव्य आपल्या वेळेनेच उडते. घाई केली की थर पुढे आकसतात आणि घासल्याच्या रेषा रंगातून वर येतात. मालक ज्या क्षणी रडतो त्या क्षणी गाडीचे सौंदर्य परमोच्च बिंदूवर असते. नेमक्या त्याच क्षणी कार्यक्रम संपतो. पुढच्या पावसाळ्यात कोणी तिथे जात नाही.

आता पैशांचा मुद्दा. ‘व्हीलर डीलर्स’मध्ये शेवटी हिशेब मांडतात: गाडी एवढ्याला घेतली, सुटे भाग एवढ्याचे, विकली एवढ्याला, नफा एवढा. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा बिले लिहायची सवय असल्यामुळे मला लगेच खटकले. मजुरीचा रकाना कुठे आहे? तो नाहीच. एड चायनाचे शेकडो तास त्या हिशेबात शून्य रुपये धरलेले असतात. कार्यक्रमाच्या दृष्टीने ते सोयीचे असेल. मजुरी धरली तर बहुतेक गाड्यांत नफा उरणारच नाही. पण जगभरच्या लाखो प्रेक्षकांच्या मनावर काय ठसते? जुनी गाडी नीट करणे म्हणजे सुट्या भागांचा खर्च, हात फुकट. हा केवळ टीव्हीचा गुन्हा नाही म्हणा. आमच्याकडे धान्य, तेल, पत्रा, रंग यांचे भाव मान्य करून मजुरीपाशी येऊन घासाघीस करण्याची रीत फार जुनी आहे. टीव्हीने त्या रीतीला परदेशी शिक्का मारून दिला, एवढेच.

येथे ती घरची गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वी, मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते, तेव्हा मिरजेचे एक गृहस्थ पद्मिनी घेऊन आले. म्हणजे टेम्पोवर घालून आणली. गाडी त्यांच्या दिवंगत वडिलांची. दहाएक वर्षे गोठ्याशेजारी उभी होती. मुलीचे लग्न मे महिन्यात, आणि वरात याच गाडीतून काढायची अशी त्यांची इच्छा. इच्छा चांगलीच होती, मला आजही ती चांगलीच वाटते. आण्णांनी चुंबक फिरवला. डाव्या उंबऱ्यावर चिकटला नाही. उजव्यावर चिकटला नाही. मग त्यांनी पेचकस हलकेच टेकवला आणि तो आत गेला.

“साहेब, तीन महिनं लागतील. खालचा सगळा पत्रा बदलावा लागंल,” आण्णा म्हणाले.

मी अंदाजपत्रक लिहून दिले. मजुरीच्या रकान्यात नव्वद हजार. आण्णा आणि एक मदतनीस, तीन महिने.

त्या गृहस्थांनी कागद वाचला आणि ते हसले. “अहो मिस्त्री, टीव्हीवर आठवड्यात करतात. आणि मजुरी एवढी कशी? मी पाहतो ना ते कार्यक्रम, सगळा खर्च पार्टचाच असतो.”

वाद झाला नाही. आण्णा वाद घालत नाहीत. त्यांनी पाणी दिले, चहा सांगितला. शेवटी पस्तीस हजारांत, एका महिन्यात, ‘लग्नापुरती दिसेल अशी’ गाडी करून देण्याचे ठरले. आण्णांनी तोंडी सांगितले की हे वरचे काम आहे, पाऊस झेलणार नाही. ते म्हणाले, “बघू पुढचं पुढं.” हे कागदावर मी लिहायला हवे होते. मी लिहिले नाही. शेडचे तीन महिन्यांचे भाडे थकले होते, आणि जूनमध्ये माझा कॉलेजचा प्रवेश होता.

तेव्हा आण्णांनी तेच केले, जे ते एरवी दुसऱ्याच्या गाडीत सापडले की नाक मुरडतात. पट्ट्या टाकल्या, जाळी लावली, पुट्टी भरली. मी पॉलिश पेपर घेऊन घासायला होते. काम वाईट दिसत नव्हते. उलट इतके सुंदर दिसत होते, की मलाच भुरळ पडली. फिकट निळा रंग, नवे क्रोम केलेले बंपर. वरातीत लोकांनी गाडीबरोबर फोटो काढून घेतले. मोबाइलवर त्याची चित्रफीत फिरली. जुनी गाडी, नवी गाडी; आधी, नंतर. अगदी टीव्हीसारखी. तिच्याखाली लोकांनी लिहिले, ‘मिस्त्रींच्या हातात जादू आहे.’ आण्णांनी ते मला वाचायला लावले, आणि ऐकून घेतल्यावर मोबाइल उलटा करून ठेवला.

त्या पैशांतून भाडे गेले आणि माझी फी भरली.

गणपतीत गाडी परत आली. उंबऱ्यांवर फोड, मागच्या कमानीला चीर, आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा दबलेला. “मिस्त्री, तुम्ही फसवलंत,” असे ते गृहस्थ सीट-कव्हरवाल्यांच्या समोर म्हणाले. आण्णा काही बोलले नाहीत. मी बोलायला गेले तर त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केले. नंतर घरी म्हणाले, “त्यांनी सांगितलं म्हणून केलं, पण हात माझं होतं न्हवं?”

आमच्या मित्राने मला जळकी म्हटले तेव्हा मला हे सगळे आठवले. मी टीव्हीतल्या कामाबद्दल शंका घेते, ती दुरून पाहून नव्हे. तसले काम कसे होते, का होते, आणि ते करणाऱ्या माणसाला रात्री झोप का लागत नाही, हे मी घरात पाहिले आहे. त्या कार्यक्रमांतल्या कारागिरांना मी नावे ठेवत नाही. त्यांच्यापुढेही कोणीतरी तारीख घेऊन उभे असणार. आमच्यापुढे लग्नाचा मुहूर्त होता, त्यांच्यापुढे प्रक्षेपणाचा.

आता दुसरी बाजू. इतिहासाच्या आमच्या सरांशी बोलताना त्यांनी एक प्रश्न विचारला, की मुळात ‘पुनरुद्धार’ म्हणायचे कशाला? पडक्या देवळाला ऑइल पेंट फासला तर तो जीर्णोद्धार होतो का? हा प्रश्न मोटारींच्या बाबतीतही जगात विचारला गेला आहे, हे मला मागाहून कळले. जुन्या वाहनांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिवा, तिने २०१२ साली ‘ट्यूरिन सनद’ स्वीकारली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ती बेतलेली आहे. तिचा रोख असा, की आधी जतन करा, मग टिकवा, आणि अगदीच गरज पडली तर पुनरुद्धार करा. आणि जे बदलाल त्याची नोंद ठेवा. म्हणजे जुन्या गाडीवरचा मूळ रंग, झिजलेले पेडल, सीटवरची शिवण हाही इतिहासाचा कागद. टीव्हीवर नेमके उलटे. जितके जास्त उखडले तितका कार्यक्रम रंगतो. मूळ सीट भंगारात, नवे चामडे आत. ती गाडी नवी होते, पण जुनी राहते का?

आपल्या सरकारनेही २०२१ च्या जुलैत या बाबतीत नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुनर्नोंदणीला ५ हजार, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये या पन्नाशीला पोचली. टीव्ही पाहून ज्यांनी तिला रुंद चाके आणि परके इंजिन बसवले, ते आता मूळ इंजिन शोधत चोरबाजारात हिंडत असतील, असे माझ्या डोळ्यांपुढे येते. आणि थोडे हसू येते. (हे मात्र जळकेपणाचे लक्षण मानायला हरकत नाही.)

टिकवणे कशाला म्हणतात ते पाहायला लांब जावे लागत नाही. कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवशी छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी बाहेर पडते. १९३० च्या दशकातली ती गाडी. लाखो लोकांनी पाहिलेली. मी आण्णांबरोबर एकदा गेले होते. लोक छत्रपतींकडे पाहत होते, आण्णा चाकावरच्या कमानीकडे. गर्दीत चुंबक काढतात की काय अशी मला धास्ती वाटली.

आणि दुसरे टोक म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या २९ ऑक्टोबरला नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीच्या वयाला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ३० ऑक्टोबरपासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी हळवे लेख लिहिले, एखादी तरी टॅक्सी संग्रहालयात ठेवा अशी मागणीही झाली. पण कारखान्यातले उत्पादन थांबल्यावरही वीस-बावीस वर्षे त्या गाड्या मुंबईच्या खाऱ्या हवेत, चार महिन्यांच्या पावसात, दोन दोन पाळ्यांत कोणी चालत्या ठेवल्या? रस्त्याकडेला गोणपाट अंथरून गाडीखाली झोपणाऱ्या मिस्त्र्यांनी. त्यांच्या कामात लखलखाट नव्हता. पट्टीवर पट्टी होती, दाराला दोरी होती. गाडी मात्र सकाळी चालू होत होती. दर्जा मोजायचा असेल तर ही एक मोजपट्टी आहे, आणि ती ‘पिंप माय राइड’च्या मोजपट्टीच्या बरोबर उलटी आहे.

माझा मित्र विचारेल, मग हे कार्यक्रम बंदच करायचे का? छे! त्यांच्यामुळे एक गोष्ट झाली आहे. पूर्वी आण्णांच्या कामाला ‘ठोकाठोकी’ म्हणत. आता कॉलेजातली मुले त्याबद्दल मिसळ खाता खाता बोलतात. माझा धाकटा भाऊ आयटीआयला वेल्डिंग शिकायचे म्हणतो, तेही असल्या चित्रफिती पाहूनच. आण्णांना मनातून आनंद झाला आहे; वरून म्हणतात, “डोळं जातील.” तेव्हा कार्यक्रम चालू द्यावेत. फक्त हिशेबात एक रकाना वाढवावा. तासांचा.

त्या मिरजेच्या पद्मिनीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. आण्णांनी ती ठेवून घेतली. दोन्ही उंबरे कापले, तळाचा पत्रा काढला, आणि इतर कामे सांभाळून, संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी, नवा घातला. ४१ दिवस लागले. मी वहीत लिहिले आहेत. पैसे फक्त पत्र्याचे आणि गॅसचे मागितले. पहिले काही दिवस ते गृहस्थ फोनवर रागावत होते. मग एकदा सहज येऊन गेले. मग शेवटच्या पंधरा दिवसांत रोज येऊन स्टुलावर बसू लागले. एकदा मला परीक्षेसाठी लवकर निघायचे होते, तर बॅटरी त्यांनी धरली. गाडी नेताना ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेढे पाठवले आणि निम्मे पैसे. उरलेले निम्मे दिवाळीत देणार होते. त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या.

हल्ली पुट्टी भरायच्या आधी प्रत्येक पत्र्याचा फोटो मी मोबाइलवर काढून ठेवते, आणि अंदाजपत्रकाच्या तळाशी एक ओळ माझ्या अक्षरात असते: ‘वरचे काम’ की ‘आतले काम’, ते गिऱ्हाइकाने खूण करून सही करायची. गेल्या वर्षी बहुतेक खुणा ‘वरचे काम’ यावरच झाल्या. आण्णा ते करतात. पण दोघांनी ‘आतले’ यावर खूण केली, आणि त्यातले एक जण तर चुंबक घेऊनच आले होते.

टीव्हीवाल्यांना माझी एक सूचना आहे. दर वेळी नवी गाडी घेण्यापेक्षा एकदा जुनीच घ्यावी. ज्या गाडीला पाहून मालक रडला, तिच्याकडे तीन पावसाळ्यांनी पुन्हा जावे, ती लिफ्टवर चढवावी आणि कॅमेरा खालून फिरवावा. संगीत नको. तो भाग ज्या दिवशी लागेल त्या दिवशी शेड दुपारीच बंद करायची, असे आण्णांनी सीट-कव्हरवाल्यांनाही सांगून ठेवले आहे.